थोरल्या-धाकट्यांची मापं

"तुमचा विश्वास बसणार नाही," कवळीवाला म्हणाला, "कुणाचाच बसणार नाही. पण मी परवा एक म्हातारा पाहिला."

टपालवाला म्हणाला, "त्यात काय नवल? तुम्ही रोजच बघता. त्यांच्या तोंडात हात घालूनच तुमचं पोट भरतं."

"आपल्यातला म्हातारा."

टपालवाल्याचं चहात बुडवलेलं बिस्किट बाहेर काढायचं राहून गेलं. शिंपी कवळीवाल्याच्या एप्रनला बटण लावत होता, त्याची सुई अधांतरी थांबली.

रविवारी कवळीवाल्याचं दुकान बंद असे. दुपारी शटर अर्ध्यावर ओढून हे तिघं मागच्या कामाच्या खोलीत बसत. खोलीला मेणाचा वास, टेबलावर प्लास्टरची भुकटी, आणि भिंतभर फळ्यांवर गावातल्या लोकांचे जबडे. वरचे, खालचे, दात असलेले, बोळके, सगळे प्लास्टरचे. कवळीवाला त्यांना प्रेक्षक म्हणे. गावात त्याच्या कवळ्यांचं नाव होतं आणि त्याहून जास्त त्याच्या थापांचं. त्याच्या हातची कवळी घालून एक वकील इतका गोड बोलायला लागला की समोरच्या पक्षाने त्यालाच वकील नेमलं, ही थाप शेंबडं पोरही सांगे. एका गिऱ्हाइकाला शिंक आली, कवळी खिडकीतून बाहेर गेली आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला चावली, हीसुद्धा त्याचीच. कुत्र्याला इंजेक्शनं द्यावी लागली म्हणे.

तिघंही पुरुषांवर जीव टाकणारे पुरुष. टपालवाला पंचेचाळिशीचा, शिंपी साठीला टेकलेला, कवळीवाला ती ओलांडून पुढे गेलेला. आता, म्हातारा दिसण्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. इतरांना नसेल काही. इतर माणसं म्हातारी कशी व्हायची ते बघून बघून शिकतात. वडील बघितलेले असतात, सासरे बघितलेले असतात, काठी कधी हातात घ्यायची, कोपऱ्यातली खुर्ची कधी धरायची, सगळं पाठ. या तिघांच्या पुढचे जे होते, त्यांतले काही लग्नं करून पलीकडच्या फुटपाथवर गेले आणि ओळख दाखवेनात. काही गाव बदलून गेले. आणि जे राहिले असते, शिकवायला उपयोगी पडले असते, त्यांच्यावर त्या एका वाईट काळात तो आजार असा फिरला की मागे फोटोसुद्धा धड उरले नाहीत. त्यामुळे कवळीवाला रांगेत सगळ्यांत पुढे उभा होता, आणि सगळ्यांत पुढे उभं राहिलं की समोर कुणाची पाठ दिसत नाही.

"खरंच म्हातारा?" शिंप्याने विचारलं. "म्हणजे किती?"

"अठ्ठ्याऐंशी. आणि एकटा नाही. जोडी आहे. दुसरा चार-पाच वर्षांनी लहान. मी आपलं थोरले आणि धाकटे म्हणतो. नदीपलीकडे राहतात."

हे तो बोलला आणि बोलल्यावर त्यालाच कळलं की आपण काय बोललो. कारण म्हातारा नव्हता. जोडी नव्हती. नदी तेवढी होती.

त्याला तसंच कारण होतं. आदल्या रविवारी शिंपी चहा संपवून, कप उपडा घालून म्हणाला होता, "पुतण्या ये म्हणतोय. मागची खोली देतो म्हणाला. सून चांगली आहे. पोरांना शाळेत सोडायचं, आणायचं, संध्याकाळी त्यांचा अभ्यास घ्यायचा. काका म्हणून राहायचं. पुढच्या महिन्याच्या अखेरीला न्यायला येतो म्हणाला."

"तुम्हाला कुठे अभ्यास येतो, मास्तर?" टपालवाल्याने विचारलं होतं.

"नाही येत. पण माझ्यासारख्याने म्हातारं कसं व्हायचं तेही येत नाही. तसा झालेला एक तरी म्हातारा मला दाखवा, मी थांबतो. नाही तर काका होणं बरं."

तेव्हा कवळीवाल्याला दोन शब्द बोलायचे होते. 'इथे राहा.' दुकानाच्या वर खोली होती, रिकामी, उजेडाची. दोन शब्दांना किती वेळ लागतो? पण कुत्र्याला चावलेली कवळी ज्या तोंडातून लीलया बाहेर पडली, त्या तोंडाची दातखीळ बसली. आणि एका आठवड्याने त्याच तोंडातून अख्खे दोन म्हातारे बाहेर पडले.

मग काय, रविवार थोरल्या-धाकट्यांचे झाले. शिंपी यायचा तोच प्रश्न घेऊन.

"एकमेकांना काय म्हणतात हो ते?"

"थोरले 'अरे' म्हणतात, धाकटे 'अहो'. भांडण झालं की उलट."

"शेजारीपाजारी?"

"आधी मामेभाऊ म्हणून सांगायचे. मग शेजाऱ्यांनाच कंटाळा आला. आता नुसतं 'ते दोघं' म्हणतात. कुणाला पत्ता सांगायचा असला की खूण म्हणून सांगतात, ते दोघं राहतात ना, त्यांच्या समोर."

शिंप्याने दोरा दाताने तोडला आणि मान वर न करता विचारलं, "आणि झोपतात एकाच पलंगावर? अजून?"

टपालवाला आपल्या कपात काहीतरी पडलंय का ते बघायला लागला.

"एकाच. पण थोरल्यांना मध्येच उठावं लागतं, म्हणून धाकट्यांनी त्यांना कडेची बाजू दिली. भिंतीची बाजू जन्माची थोरल्यांची. त्यावरून आठवडाभर अबोला होता."

"मग काही वाटतं का त्यांना? म्हणजे, अजून?"

"त्याचं असं आहे, मास्तर. एक म्हणतो, आज नको, गुडघा दुखतोय. दुसरा म्हणतो, मी कुठे गुडघ्याचं विचारलं?"

शिंपी हसला. तो हसला की आधी नाक हलायचं, मग खांदे, आणि आवाज सगळ्यांत शेवटी यायचा. कवळीवाल्याने तेवढ्यासाठी अजून दोन थापा मारल्या.

गंमत अशी की ही उत्तरं तोंडातून निघेपर्यंत कवळीवाल्याला स्वतःलाही ठाऊक नसत. पुढे त्याला चटकच लागली. दोन कवळ्या एका घरात असल्या तर सकाळी अदलाबदल होत असेल का? त्याने मोरीच्या कट्ट्यावर दोन पेले शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकाला ऐकू कमी यायला लागलं तर दुसऱ्याने ओरडायचं की जवळ सरकायचं? ही माणसं डॉक्टरांकडे गेल्यावर एकाने बाहेर थांबायचं की आत जायचं? आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हातारपणाची भीती वाटायच्या आधी उत्सुकता वाटली. दुसऱ्याच्या घरात दिवा लागलेला दिसावा आणि आत कोण असेल असं वाटावं, तशी.

त्याने गिऱ्हाइकांनाही सोडलं नाही. जबड्याचं माप घ्यायला तोंडात लगदा भरला की तो विचारायचा, "रात्री झोप लागते? मुलाकडे करमतं?" तोंडात लगदा असलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, नुसती मान हलवतो. पण एका आजीबाईंनी चूळ भरल्यावर उत्तर दिलं. "सुनेचं सगळं छान आहे हो. फक्त चमचे कुठल्या खणात असतात ते अजून विचारून घ्यावं लागतं."

पुढच्या रविवारी थोरले आणि धाकटे पुतण्याकडे राहून आले.

"पुतण्याकडे?" शिंपी म्हणाला. "त्यांनाही पुतण्या आहे?"

"असतोच एखादा. चार दिवस राहिले आणि परतले. थोरले म्हणाले, माणसं लाख चांगली, पण चमचा पाहिजे असला तर कुणाला तरी हाक मारावी लागते."

शिंप्याने बशीतला चमचा उचलून निरखून पाहिला. कवळीवाल्याचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात टपालवाला आडवा आला. थापाड्याच्या बैठकीत टपालवाला नसावा. गावात असा पत्ता नाही जो त्याला माहीत नाही.

"नदीपलीकडची टपालाची बीट माझीच," तो म्हणाला. "घर कुठलं?"

"पूल उतरला की डावीकडे. मग चढ."

"चढावर पाण्याची टाकी आहे."

"तिच्या मागे."

"टाकीच्या मागे स्मशान आहे."

"अलीकडे म्हणायचं होतं मला."

"अलीकडे मी रोज जातो. ह्या दोघांना कधी पत्र दिल्याचं आठवत नाही."

"पत्र लिहिणारे सगळे गेले," कवळीवाला म्हणाला.

हे त्याने वेळ मारून न्यायला म्हटलं होतं. पण बोलल्यावर भिंतीवरचे जबडेसुद्धा जरा जास्त मिटल्यासारखे वाटले. टपालवाल्याने उगीच पिशवीचा पट्टा सरळ केला आणि हळूच म्हणाला, "विजेचं बिल तरी येत असेल."

"घरमालकिणीच्या नावावर."

टपालवाल्याने त्यानंतर पत्ता विचारणं सोडलं. त्याला पटलं म्हणून, की पुढचं ऐकायचं होतं म्हणून, ते त्याचं त्याला माहीत.

शिंप्याच्या डोक्यात मात्र भलतंच सुरू होतं. "नदीकाठी गारठा फार," तो म्हणाला. "मी दोघांना एकेक कोट शिवतो. जायच्या आधी."

'जायच्या आधी' हे शब्द कवळीवाल्याला असे लागले की 'कोट' हा शब्द त्याला उशिरा ऐकू आला.

"कशाला उगीच?"

"उगीच नाही. ज्यांनी हे करून दाखवलं त्यांना आपल्याकडून काहीतरी नको? माप घ्यायला मी येतो तुमच्याबरोबर."

"ते कुणाला भेटत नाहीत. थोरले लाजाळू आहेत."

"अठ्ठ्याऐंशीला लाजाळू?"

"म्हणून तर एवढे टिकले."

शिंप्याला ते पटलं नाही, पण भीड पडली. त्याने दोऱ्याचं रीळ काढलं. "मग मापं तुम्ही आणा. टेप नको, तुम्ही आकडे भलतेच सांगाल. दोऱ्यावर गाठी मारून आणा. एक मानेपासून खाली पाठीचा. एक पुढून, गळ्यापासून खाली छातीचा. खांद्याचा, बाहीचा. बस. दोघांचे वेगळे बांधा, नाही तर थोरल्यांच्या बाह्या धाकट्यांना जायच्या."

झालं. खोट्या माणसांना खरे कोट होणार होते आणि कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण माघार घ्यायची तर गोष्ट मोडायची, आणि गोष्ट मोडली की मास्तर निघाले. म्हणून बुधवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्याने आतून कडी घातली आणि मापं घ्यायला बसला.

थोरले सोपे. थोरले म्हणजे तो स्वतः. आरशासमोर उभं राहून त्याने छाती मापली, बाही मापली. पाठ एकट्याला मापता येईना, म्हणून दोऱ्याच्या टोकाला प्लास्टरचा गोळा लावून तो कॉलरमागून खाली सोडला. शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहिला होता तो. थोरल्यांची अब्रू होती शेवटी.

धाकट्यांना कुठून आणायचं? क्षणभर तो दोरा धरून नुसता उभा राहिला. मग शिंपी रविवारी ज्या स्टुलावर बसायचा त्याच्या मागे गेला आणि दोन्ही हात हवेत धरले. आश्चर्य म्हणजे हातांना माहीत होतं. माणूस बसला की मान कुठपर्यंत येते, कप घ्यायला हात केला की मनगट कुठे पोचतं, उठताना पाठ कुठे वाकते. इतक्या वर्षांच्या रविवारांनी बोटांत साठवून ठेवलेलं सगळं दोऱ्यावर उतरलं. तो गाठ मारी, हवेत धरून बघे, सोडवी, पुन्हा मारी.

आणि तिथे एक गोष्ट त्याने अशी केली, जी दुसरा कुणी करणार नाही. जगातला कुठलाही माणूस शिंप्यासाठी एक खांदा मापेल. पण कवळीवाल्याच्या धंद्यात डावं-उजवं कधीच सारखं नसतं. दोन्ही बाजू सारख्या धरून केलेली कवळी घोड्याच्या टापांसारखी वाजते. त्यामुळे त्याने डावा खांदा वेगळा मापला, उजवा वेगळा, बाह्याही वेगवेगळ्या, आणि घोळ नको म्हणून डाव्या दोऱ्यांची टोकं गुलाबी मेणात बुडवली. काम संपल्यावर त्याला स्वतःचा अभिमान वाटला. थाप मारावी तर अशी, दोन्ही बाजूंनी नीट बसणारी.

रविवारी शिंप्याने दोरे बोटाभोवती गुंडाळले आणि खिशात टाकले. पुढच्या रविवारी तो आला नाही.

"मास्तर बांधाबांध करतायत म्हणे," टपालवाल्याने सांगितलं. "गिऱ्हाइकांचे कपडे परत करत होते. मशीनचं तेल पुसत होते."

कवळीवाल्याने सवयीने एक थाप सुरू केली. थोरल्यांनी पुलावरून एका बुडणाऱ्याला कवळी फेकून वाचवलं, अशी काहीतरी. अर्ध्यात त्याला पुढचं सुचेना. असं कधी झालं नव्हतं. टपालवाल्याने त्याचा कप भरला आणि स्वतःच म्हणाला, "वाचला असेल तो. पुढे बोला." पण पुढे काही नव्हतंच.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. शटर वर गेलं आणि आधी दिसलं ते शिवणयंत्र. टपालवाल्याच्या खांद्यावर, चादरीत गुंडाळलेलं. "हे पत्रांपेक्षा जड आहे," तो म्हणाला आणि ते दारातच खाली ठेवून त्यावरच बसला. मागून शिंपी आला. हातावर घडी घातलेला कोट.

"पुतण्या?" कवळीवाल्याने विचारलं.

"संध्याकाळच्या गाडीने."

म्हणजे मशीनही निघालं. कवळीवाल्याने चहा ठेवला. कप त्याने बशीत न ठेवताच हातात दिले.

"आधी सांगा," शिंपी नेहमीच्या स्टुलावर बसत म्हणाला, "कसे आहेत थोरले-धाकटे?"

शेवटची संधी होती. कवळीवाल्याने सगळा जीव पणाला लावला. "तुमच्या कोटांची वाट बघतायत. थोरले रोज दारात उभे राहून पुलाकडे बघतात. काल धाकटे चिडले, म्हणाले, कोट चालत येणार आहे का? तर थोरले म्हणाले, आला तर दार उघडं हवं."

"धाकटे दिवसभर काय करतात?"

"वर बसतात. वरच्या खोलीत. उत्तरेचा उजेड आहे, हातावर सावली पडत नाही. बारीक काम करणाऱ्याला फार सोयीची. रिकामीच पडली आहे." तो थांबला. "होती. धाकटे यायच्या आधी."

टपालवाला खोकला.

"चांगली खोली दिसते," शिंपी म्हणाला आणि त्याने खिशातून दोरे काढून टेबलावर ठेवले. "थोरल्यांचा कोट मी शिवला नाही. पाठीचा दोरा आणि छातीचा दोरा धरून पाहिला. त्या वयाला पाठ वाकते, कवळीवाले. मागून कापड जास्त लागतं, पुढून कमी. तुमचे थोरले सळईसारखे सरळ आहेत."

"रोज पोहतात. नदीत."

"असतील." शिंपी उठला. "धाकट्यांचा शिवला. डावी-उजवी मापं वेगवेगळी आली. अशी मापं मला जन्मात कुणी आणून दिली नव्हती. म्हटलं, हा माणूस दातांसारखे खांदे मापतो की काय? पण दिलं तसं शिवलं. शिवून झाल्यावर खुंटीला टांगला, आणि मला तो कोट ओळखीचा वाटला."

त्याने कोट अंगात घातला. बटणं लावली. हात वर केले, खाली केले. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. डावीकडे खांदा जरा खाली उतरला होता आणि कोटही त्याच्याबरोबर तेवढाच, निमूट उतरला होता.

कवळीवाला बघत राहिला. "अंगकाठी सारखी असेल तुमची," तो म्हणाला. "योगायोगाने धाकट्यांचाही डावा खांदा..."

"माझा डावा खांदा पडलेला आहे हे कुणाला माहीत नाही. मी प्रत्येक सदऱ्यात आतून पातळ गादी घालतो. तरुणपणापासून. हा इथे बसलाय त्यालाही माहीत नाही."

"मला नव्हतं माहीत," टपालवाला मशीनवरून म्हणाला.

"तू उठ आणि ते मशीन वर नेऊन ठेव. खिडकीपाशी. उजेड डाव्या बाजूने यायला हवा."

टपालवाला उठला. कवळीवाला चांगलाच उघडा पडला होता. तरी जित्याची खोड, त्याने पुन्हा थाप सुरू केली. "मास्तर, तुम्ही थोरल्यांना एकदा भेटला असतात ना, तर ते..."

"कुणी नाही पलीकडे," शिंपी म्हणाला. "थोरले नाहीत, धाकटे नाहीत, टाकीच्या अलीकडे ते घरही नाही. इतके रविवार तुम्ही माझ्याशी धडधडीत खोटं बोलत आलात. खरा आहे तो एवढा खांदा, आणि तो माझा आहे."